अनशापोटीच्या दोन गोळ्या

मावशीच्या ओट्यावर, शेगडीच्या डाव्या हाताला, थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली असते. बारा वर्षं झाली, जागा बदललेली नाही. सकाळी चूळ भरली की एक गोळी, वर पेलाभर पाणी, आणि मग अर्धा-पाऊण तास चहाकडे बघायचं नाही. गेल्या पावसाळ्यात तिचे गुडघे धरले. हाडांच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी लिहून दिल्या : जेवणानंतर दुखण्याची गोळी, अनशापोटी गॅसची गोळी आणि दिवसातून एकदा कॅल्शियम. मावशीचा हिशेब सरळ होता. अनशापोटीची एक गोळी आहेच, तिच्याबरोबर दुसरी घ्यायची, कॅल्शियमही तेव्हाच उरकायचं, म्हणजे दिवसभर कटकट नाही. तीन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, चारवरून अकरावर गेला.

"ती दुखण्याची गोळी गरमच असते. तिचंच हे काम," मावशीने निकाल दिला. तिने पेनकिलर बंद केली आणि बाकीच्या दोन इमानेइतबारे चालू ठेवल्या. पुढचा रिपोर्टही तसाच आला.

दुखण्याच्या गोळीचं आणि थायरॉईडचं वाकडं आहे, हा समज मावशीने घरी बसून रचलेला नाही. तो डॉक्टरी पुस्तकांतूनच झिरपत आलाय आणि त्याला एकेकाळी कारणही होतं. ते कारण बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

थायरॉईड कमी पडलं की माणसाचं काय होतं, याचं पहिलं नीट वर्णन लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 मध्ये केलं. सुजलेला चेहरा, जाड झालेली जीभ, मंदावलेलं बोलणं. पुढे 1878 मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या आजाराला 'मिक्सिडीमा' हे नाव दिलं. कारण मात्र उलट्या बाजूने कळलं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत इतके तरबेज होते की संपूर्ण ग्रंथीच काढून टाकत. ऑपरेशन यशस्वी होई, पण पुढे रुग्ण मंद आणि फुगीर होत जाई. आपल्या रुग्णांचं असं झाल्याचं कोखर यांनी 1883 मध्ये स्वतःच जाहीर केलं. 1909 चं नोबेल त्यांना मिळालं. मला त्यांच्या शस्त्रक्रियेपेक्षा ही कबुली मोठी वाटते.

उपाय 1891 मध्ये निघाला. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. बाई सुधारली आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढच्याच वर्षी लक्षात आलं की सुईची गरज नाही, पोटातून दिलं तरी चालतं. एडवर्ड फॉक्स नावाच्या डॉक्टरांचा नुस्खा असा : मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी परतून, बारीक चिरून, करंटच्या मुरंब्याबरोबर आठवड्यातून एकदा. आजची बाटलीतली बारीकशी गोळी म्हणजे याच खिम्याची वंशज.

खिमा ते गोळी या वाटेवर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे एडवर्ड केंडल भेटतात. 1914 च्या नाताळच्या दिवशी त्यांनी ग्रंथीतला नेमका पदार्थ, थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळा केला. नंतर तीन टन डुकरांच्या ग्रंथी वापरून जेमतेम 33 ग्रॅम माल हाती आला. लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टन यांनी 1926 मध्ये त्याची रचना शोधली आणि 1927 मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला. केंडल यांचं नाव लक्षात ठेवा, ते या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, तेही दुखण्याच्या बाजूने.

दुखण्याची बाजू तोवर वेगळीच चालली होती. सॅलिसिलेटने (ॲस्पिरिन याच कुळातलं) सांधेदुखी आणि ताप उतरतो हे 1876 पासून माहीत होतं. 1897 मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी ॲस्पिरिन तयार केलं आणि 1899 मध्ये ते बाजारात आलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संधिवाताच्या तापाला ॲस्पिरिन म्हणजे दिवसाला कित्येक ग्रॅम, मूठभर गोळ्या. हृदयासाठी आज देतात ती 75 मिलिग्रॅमची चिमुकली गोळी डोळ्यांसमोर असेल तर हा आकडा पटत नाही.

याच मुठीने 1950 च्या दशकात डॉक्टरांना कोड्यात टाकलं. तेव्हा थायरॉईडची तपासणी म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजायचं. ॲस्पिरिनच्या भल्या मोठ्या डोसवरच्या रुग्णांत हा आकडा खाली यायचा, म्हणजे कागदावर थायरॉईड कमी. पण रुग्ण घामाने निथळलेला आणि शरीराचा प्राणवायूचा खर्च वाढलेला, म्हणजे अंगावर थायरॉईड जास्त झाल्यासारखं. कागद एक सांगतो, अंग दुसरंच. मग ॲस्पिरिन थायरॉईडला मारतं की चेतवतं?

उत्तर समजायला एसटी आठवावी. रक्तातलं थायरॉक्सिन जवळजवळ सगळं प्रथिनांच्या सीटवर बसून प्रवास करतं. उभं असतं ते जेमतेम 0.03 टक्के, आणि शरीराच्या कामी येतं तेवढंच. सॅलिसिलेट गाडीत चढतं ते थेट सीटच बळकावतं. बसलेलं थायरॉक्सिन उठून उभं राहतं, त्यामुळे सुरुवातीला उभ्यांची संख्या वाढते. जास्तीचे उभे पुढच्या थांब्यांवर उतरत जातात आणि काही दिवसांनी उभे पूर्वीइतकेच राहतात. गाडीतले एकूण प्रवासी मात्र कमी झालेले असतात. त्या वेळची तपासणी बसलेल्यांनाच मोजायची, त्यामुळे तिला गाडी रिकामी दिसायची. घाम आणि प्राणवायूचा वाढलेला खर्च हा तर सॅलिसिलेटचा स्वतःचा, पेशींमधला उद्योग होता.

आजही औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा जास्त सॅलिसिलेट घेतलं तर एकूण टी-4, म्हणजे थायरॉक्सिनच, जास्तीत जास्त तीस टक्क्यांनी कमी होऊ शकतं. म्हणजे पेनकिलरवर गुन्हा खरोखरच नोंदला गेला होता, फक्त तो बऱ्याच अंशी रिपोर्ट बिघडवल्याचा होता. एका प्रसंगी मात्र ते कलम गंभीर होतं. थायरॉईड भडकून 'थायरॉईड स्टॉर्म' झालेल्या रुग्णाला तापासाठी ॲस्पिरिन देत नाहीत, पॅरासिटामॉल देतात. तिथे चार प्रवासी जास्त उभे राहिले तरी परवडत नाही.

नंतरच्या गोळ्या या बाबतीत बऱ्याच सभ्य निघाल्या. नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स यांच्या प्रयत्नांतून आलेलं आयबुप्रोफेन 1969 मध्ये ब्रिटनमध्ये मिळू लागलं, आणि 1970 च्या दशकात डायक्लोफिनॅक आलं. मध्येच फेनक्लोफिनॅक नावाची एक गोळी होती. तिने थायरॉक्सिनच्या सीट अशा पळवल्या की धडधाकट माणसाचा रिपोर्ट थायरॉईड कमी असल्यासारखा दिसे. ती आता बाजारात नाही. 2003 मध्ये अमेरिकेत निरोगी माणसांना वेगवेगळी वेदनाशामकं देऊन हा प्रश्न नीट तपासला गेला. ॲस्पिरिन आणि त्याचा भाऊबंद साल्सालेट यांनी आकडे हलवले. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन आणि इंडोमेथॅसिन यांनी काळजी करावी असं काही केलं नाही.

आता केंडल. थायरॉक्सिननंतर हा माणूस मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीकडे वळला आणि तिथे सापडलेल्या पदार्थांपैकी एक पुढे कॉर्टिसोन हे स्टेरॉईड म्हणून प्रसिद्ध झाला. सप्टेंबर 1948 मध्ये त्याच मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी तो आमवाताने खिळलेल्या एका स्त्रीला दिला आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 चं नोबेल केंडल, हेंच आणि स्विस रसायनशास्त्रज्ञ राइखश्टाइन यांना विभागून मिळालं. योगायोग असा की एकाच माणसाने वेगळे केलेले हे दोन पदार्थ आज एका रक्तात भेटले की रिपोर्टमध्ये गोंधळ घालतात. स्टेरॉईडचा मोठा डोस टीएसएच खाली दाबतो आणि टी-4 पासून त्याचं जास्त प्रभावी रूप, टी-3, बनण्याचा वेग कमी करतो. गुडघ्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं असेल किंवा 'ताकदीच्या' नावाखाली कुणी स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या असतील, तर थायरॉईडची तपासणी लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर ते घालायलाच हवं. थायरॉईडला सूज येऊन मान दुखते, त्या आजारात तर हीच औषधं उपचार म्हणून देतात. त्याचं वर्णन कोखर यांचेच शिष्य फ्रिट्झ द केर्व्हें यांनी 1904 मध्ये केलं होतं. सौम्य दुखण्याला वेदनाशामक, फार झालं तर स्टेरॉईड.

इतकं सगळं होऊनही मावशीच्या अकराचा उलगडा होत नाही. तो रक्तात नव्हे, पोटात आहे.

थायरॉक्सिन शोषलं जाताना फार नाजूक असतं. कोलेस्टेरॉलवरचं एक औषध त्याला आतड्यात अडकवून ठेवतं हे 1960 च्या दशकातच दिसलं होतं. 1992 मध्ये लोहाच्या गोळीबद्दल तसंच कळलं. 2000 मध्ये कॅल्शियम कार्बोनेटची पाळी आली : थायरॉक्सिन घेणाऱ्या वीस जणांना तीन महिने रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम त्याच वेळी दिलं तर टीएसएच वर गेला, कॅल्शियम थांबवल्यावर खाली आला. 2006 मध्ये इटलीतल्या अभ्यासाने जठरातल्या आम्लाकडे बोट दाखवलं. आम्ल कमी झालं की गोळी नीट शोषली जात नाही, आणि गॅसची गोळी, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे, नेमकं आम्लच कमी करते.

पेनकिलर जठराला झोंबते, म्हणून तिच्यासोबत गॅसची गोळी लिहायची आपल्याकडे सवयच आहे. वयस्क माणसाला ते योग्यही असतं. हाडं दुखतात म्हणून कॅल्शियमही येतं. त्यामुळे दुखण्याची गोळी सुरू झाली आणि टीएसएच चढला हा घटनाक्रम खरा असतो, पण हात बहुतेक वेळा तिच्याबरोबर आलेल्या पाहुण्यांचा असतो. मावशीने यजमानाला घराबाहेर काढलं आणि पाहुण्यांना चहा पाजला.

आणि हे फक्त तिच्याच घरात होत असेल असं नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी 10.95 टक्के लोकांना थायरॉईड कमी असल्याचं आढळलं. गुडघेदुखी तर दर दुसऱ्या घरात. या दोघी एका ओट्यावर यायच्याच.

एक उलटी बाजूही आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. थायरॉईड कमी असलं की अंग दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, मनगटाची नस दबून बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी खरं वेदनाशामक म्हणजे थायरॉईडचा बरोबर डोस. तो अपुरा असेल तर पेनकिलर वाढत जाते, तिच्यासोबत गॅसची गोळी येते, ती थायरॉक्सिन अडवते आणि दुखणं आणखी वाढतं. थायरॉईड फारच कमी असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाची गाळणीही मंदावलेली असते, त्यावर रोजची पेनकिलर म्हणजे जादा ओझं. अफूच्या वर्गातली औषधं तर उपचार न झालेल्या मिक्सिडीमात श्वास मंदावू शकतात, त्यामुळे ती फार जपून देतात. चेहऱ्याच्या नसेतून वीज चमकल्यासारखी कळ येते, तिच्यावरचं कार्बामाझेपिन यकृताला थायरॉक्सिन लवकर संपवायला लावतं. ते सुरू झालं की कधी कधी 'पन्नासची' गोळी 'पंचाहत्तरची' करावी लागते.

मावशीच्या थायरॉईडच्या डॉक्टरांनी तिची पिशवी टेबलावर उलटी केली, तेव्हा सगळा प्रकार दोन मिनिटांत कळला. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे चार तासांहून जास्त अंतर. गॅसच्या गोळीची वेळ बदलून फारसा उपयोग नव्हता, कारण तिचा परिणाम दिवसभर टिकतो. पण पेनकिलर आधीच सुटली होती, जठराची दुसरी तक्रार नव्हती, म्हणून ती बंदच झाली. थायरॉईडची 'पॉवर' त्यांनी लगेच वाढवली नाही. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे नवीन घडी बसायला दीड महिना द्यावाच लागतो.

"दीड महिना? आणि गुडघ्याचं काय?" मावशीने विचारलं. त्यासाठी पॅरासिटामॉल, लागेल तेव्हाच, सांगितलेल्या मापात. कॅल्शियमची डबी आता जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी असते. ओट्यावर पुन्हा ती एकच बाटली.