व्यवहार्यता अभ्यास म्हणजे छोटी चाचणी नव्हे

'तीस जणांवर करून पाहिलं, फरक दिसला, म्हणजे उपचार लागू पडतो.' व्यवहार्यता अभ्यासाबद्दलचा हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. हा अभ्यास उपचाराचा गुण तपासत नाही. मोठी चाचणी पार पाडता येईल का, हे तपासतो: महिन्याला किती जण सहभागी व्हायला तयार होतात, किती मध्येच सोडतात, प्रश्नावली पूर्ण भरली जाते का. कन्सॉर्ट नियमावलीत (चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या) 2016 साली अशा अभ्यासांसाठी वेगळी पुरवणी आली, तिचाही रोख हाच आहे.

आकडेच बघा. 30 पैकी 24 जण शेवटपर्यंत टिकले, तर प्रमाण 80 टक्के. पण त्याच्या 95 टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असू शकतं त्याची दोन टोकं, साधारण 61 ते 92 टक्के येतात. साधी गळती इतकी धूसर, तिथे उपचाराचा परिणाम नेमका कसा कळणार? तरीही योगायोगाने मोठा दिसलेला फरक धरून मुख्य चाचणीची नमुनासंख्या, म्हणजे किती जण घ्यायचे तो आकडा, काढतात. ती अपुरी पडते आणि खरोखर गुणकारी उपचारही निरुपयोगी ठरू शकतो. यात नुकसान रुग्णांचं होतं.

म्हणून निकष आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, गळती 20 टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा, 20 ते 35 असेल तर आराखडा दुरुस्त करा, त्याहून जास्त असेल तर थांबा.

उद्योगात नव्या प्रकल्पाआधी व्यवहार्यता अभ्यास करतात, तिथेही तेच. विक्री अंदाजापेक्षा 20 टक्के कमी झाली आणि काम सहा महिने लांबलं, तर कर्जाचे हप्ते निघतात का, हे अहवालात हवंच. 'नको' हाही त्याचा रास्त निष्कर्ष असतो.