प्रगतीवरचा विश्वास किती जुना?

माणूस पुढेच चालला आहे, ही समजूत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी कधीतरी मांडली असेल, हे लक्षातच येत नाही. खरं तर ती जेमतेम तीन-चारशे वर्षांची. त्याआधी चांगला काळ बहुधा मागेच असे. आपली चार युगं कलियुगाकडे उतरत येतात. ग्रीक कवी हेसिऑडही सोन्याच्या पिढीपासून निघून लोखंडाच्या पिढीवर येतो. चौदाव्या शतकात अरब इतिहासकार इब्न खल्दूनने फेरा पाहिला: एकजुटीने राज्य उभं राहतं, ऐषाराम ती एकजूट पोखरतो, मग दुसरी टोळी येते.

सूर बदलला तो सतराव्या शतकात. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनच्या १६२०च्या ग्रंथात शीर्षकपानावर जहाज आहे, जुन्या जगाची वेस मानलेल्या हर्क्युलिसच्या खांबांपलीकडे जाणारं. छपाई, बंदुकीची दारू आणि होकायंत्र यांनी जग पालटलं, आणि प्राचीनांकडे यातलं काहीच नव्हतं, हा त्याचा दाखला बिनतोड होता.

पण ज्ञान वाढलं म्हणून माणूस सुधारतो का? खरी मेख इथेच आहे. विद्या-कलांच्या पुनरुज्जीवनाने नीती सुधारली का, असा प्रश्न फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या अकादमीने १७४९मध्ये स्पर्धेसाठी ठेवला. तत्त्वज्ञ रूसोने ‘उलट बिघडली’ असं उत्तर दिलं आणि १७५०मध्ये बक्षीस मिळवलं! त्याच वर्षी डिसेंबरात तेवीस वर्षांच्या त्युर्गो या फ्रेंच विचारवंताने पॅरिसच्या सोर्बोनमध्ये मानवी बुद्धीच्या अखंड वाटचालीवर भाषण केलं. म्हणजे श्रद्धा आणि शंका जवळपास जुळ्याच.

त्युर्गोचा चरित्रकार, फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से याने ही श्रद्धा टोकाला नेली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, जुलै १७९३मध्ये, त्याच्यावर अटकेचा हुकूम निघाला. पॅरिसमधल्या एका विधवेच्या घरात लपून त्याने मानवाच्या वाटचालीचे दहा टप्पे लिहिले. नऊ झालेले, दहावा यायचा: राष्ट्राराष्ट्रांत समता, स्त्री-पुरुषांना सारखे हक्क, लांबत जाणारं आयुष्य. डोक्यावर गिलोटिन असताना हे लिहायला धाडस लागतं. थोडा आंधळेपणाही लागत असावा. मार्च १७९४मध्ये तो पकडला गेला आणि कोठडीत मृतावस्थेत सापडला. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाच्या तीन हजार प्रती सरकारी खर्चाने वाटायचं ठरलं.

एकोणिसाव्या शतकाने या श्रद्धेला नियमाचं रूप दिलं. फ्रेंच विचारवंत कोंत आणि इंग्रज विचारवंत स्पेन्सर त्यातले ठळक. १९१४च्या युद्धात तिला तडा गेला. या कल्पनेचा सविस्तर इतिहास इतिहासकार जे. बी. बरी यांनी १९२०मध्ये लिहिला, आणि शेवटी विचारलं: सगळंच मागे पडत जातं, तर प्रगतीची ही कल्पना तरी कशी टिकेल?