हायरम हिचकॉक आणि निकाराग्वा कालव्याचे दप्तर

अटलांटिक व पॅसिफिक महासागर निकाराग्वातून जोडण्यासाठी १८८९ साली सुरू झालेल्या आणि १८९३ साली बंद पडलेल्या जहाजकालव्याचे कंपनी-दप्तर. हे काम ‘मॅरिटाइम कॅनॉल कंपनी ऑफ निकाराग्वा’ या कंपनीकडे होते. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलचे एक मालक हायरम हिचकॉक (१८३२–१९००) हे तिचे अध्यक्ष होते. न्यू हॅम्पशरमधील हॅनोव्हर येथे पत्नीच्या स्मरणार्थ त्यांनी बांधलेले मेरी हिचकॉक मेमोरियल रुग्णालय १८९३ मध्ये उघडले. कालवा मोडकळीस आला तेही हेच साल.

अमेरिकी काँग्रेसने २० फेब्रुवारी १८८९ रोजी कंपनीला सनद दिली. कंपनीने दरवर्षी अमेरिकेच्या अंतर्गत खात्याच्या (इंटिरियर) मंत्र्याला कामाचा अहवाल द्यावा, अशी अट सनदेत होती. हिचकॉक यांच्या सहीचे हे वार्षिक अहवाल म्हणजे दप्तराचा कणा. मात्र त्यांच्यामागे दुसरी एक अट उभी आहे. निकाराग्वाशी झालेल्या १८८७ च्या करारानुसार तिथल्या सरकारला पहिल्या वर्षात २० लाख डॉलर खर्च झालेले दिसायला हवे होते आणि दहा वर्षांत कालवा पुरा व्हायला हवा होता. त्यामुळे सुरुवातीचे अहवाल काम किती झाले यापेक्षा खर्च किती झाला यावर भर देतात. खरेदी, गोदामे, तारयंत्र, इस्पितळ, झाडतोड अशा सगळ्या बाबी त्यांत तपशिलाने येतात. हे पुराव्याचे कागद आहेत. अभियंत्याची रोजवही म्हणून ते वाचले तर फसगत होते.

कंपन्या दोन होत्या. सनद व करार मॅरिटाइम कंपनीच्या नावे होते. प्रत्यक्ष काम ‘निकाराग्वा कॅनॉल कन्स्ट्रक्शन कंपनी’ ही ठेकेदार कंपनी करत होती आणि तिला मोबदल्यात मुख्यतः रोखे व शेअर मिळत. म्हणून हिशेबातील डॉलर रोख आहे की शंभर डॉलर दर्शनी किमतीचा शेअर आहे, हे प्रत्येक नोंदीपाशी पाहावे लागते. रोख खर्च सुमारे ४० लाख डॉलरांच्या घरातला होता. दर्शनी किमतीचे शेअर त्यात मिळवले की आकडा फुगतो, आणि नंतरच्या भरपाईच्या मागण्यांत तोच फुगलेला आकडा पुढे आला.

जागेवरचे काम ग्रेटाउन (सान हुआन देल नोर्ते) येथे ऑक्टोबर १८८९ मध्ये सुरू झाले. हे जुने बंदर निकामी झाले होते. सान हुआन नदीचे बहुतेक पाणी कोलोराडो या फाट्याने वळले, प्रवाहाचा जोर गेला आणि लाटांनी किनाऱ्यालगत वाहून आणलेल्या वाळूचा बांध तोंडाशी साचला. त्यावर उपाय म्हणून समुद्रात सुमारे हजार फूट धक्का काढला गेला. त्याने वाळू अडली, तोंड उघडले आणि लहान आगबोटी आत येऊ लागल्या. पनामात फ्रेंचांचे काम थांबल्यावर तिथले ड्रेजर (गाळ उपसणारी यंत्रे) विकत घेतले होते. त्यांनी बंदरापासून आत सुमारे पाऊण मैल लांब आणि १७ फूट खोल चर खणला. दलदलीवर ओंडके अंथरून, वर वाळू भरून सुमारे ११ मैल रेल्वे टाकली. रेल्वे आधी टाकण्याचे कारण साधे होते. धक्का, जलपाश (जहाजे वर-खाली नेणारी दारांची कुंडे, लॉक) आणि सान हुआन नदीवरील ओचोआ येथील धरण यांना लागणारा दगड पूर्वेकडच्या डोंगर-कापणीतून यायचा होता. ती कापणी जवळजवळ तीन मैल लांब आणि सरासरी १४० फूट खोल होणार होती. प्रत्यक्षात ती सुरूच झाली नाही.

मुख्य अभियंता ए. जी. मेनोकाल यांच्या आराखड्यात समुद्र ते समुद्र अंतर सुमारे १६९ मैल होते, पण खणायचे त्यातले जेमतेम २७. बाकीचा मार्ग नदी, निकाराग्वा सरोवर आणि धरणांनी तयार होणारे जलाशय यांतून जाणार होता. सरोवराची पातळी ११० फूट धरली होती आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन जलपाश होते. कागदावर योजना देखणी आहे. तिची भिस्त मात्र धरणांवर होती, आणि धरणांच्या पायाखाली काय आहे हे सांगणारी चाचणीची छिद्रे जमिनीत पुरेशी घेतलेलीच नव्हती. पावसाचेही तेच. ग्रेटाउनला १८९० मध्ये सुमारे २९७ इंच, म्हणजे साडेसात हजार मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एवढ्या पाण्यात मातीचे बांध आणि सांडवे टिकतील का, याचा हिशेब तोकडाच राहिला.

खर्चाचे अंदाज सालाप्रमाणे मांडले की हा कच्चेपणा उघडा पडतो. मेनोकाल यांचा आकडा साडेसहा कोटी डॉलर होता. सल्लागार अभियंत्यांनी तो पावणेनऊ कोटींपर्यंत नेला. अमेरिकी सरकारने पाहणीसाठी नेमलेल्या १८९५ च्या लडलो मंडळाने १३.३ कोटी धरले, वर दोन कोरडे हंगाम गाठणारी अठरा महिन्यांची नवी पाहणी आणि त्यासाठी साडेतीन लाख डॉलर मागितले. १९०१ च्या अमेरिकी कालवा आयोगाचा अंदाज जवळपास १९ कोटी झाला, पण तोवर कालव्याची रुंदी, खोली आणि जलपाशांचे माप वाढलेले होते. म्हणून हे आकडे एकाच कालव्याचे समजून थेट तुलना करू नये.

१८९३ च्या आर्थिक पेचात ठेकेदार कंपनीवर रिसीव्हर (बुडत्या कंपनीचा ताबा घेणारा न्यायालयीन अधिकारी) नेमला गेला. रोख्यांना सरकारी हमी मिळावी म्हणून काँग्रेसमध्ये आणलेली विधेयके पार पडली नाहीत. देखभाल थांबताच धक्का ढासळला आणि बंदराचे तोंड पुन्हा वाळूने बुजले. यानंतरचे अहवाल हिंमत देणारे आहेत, पण त्यांत नवे काम शोधू नये. ऑक्टोबर १८९९ मध्ये निकाराग्वाने करार संपल्याचे जाहीर केले. जून १९०२ च्या स्पूनर कायद्याने अमेरिकेचे वजन पनामाच्या पारड्यात पडले.

आज या दप्तराचा उपयोग दोन्ही टोकांना सारखा नाही. २०१३ मध्ये चिनी कंपनीला दिलेल्या आणि मे २०२४ मध्ये रद्द झालेल्या योजनेत कोस्टारिकाच्या सीमेलगतची सान हुआन नदी टाळून पूर्वेचे टोक पुंता गोर्दाला नेले होते. त्यामुळे ग्रेटाउन आणि ओचोआची मोजमापे त्या मार्गाला लागू पडत नाहीत. पॅसिफिक बाजूचे टोक ब्रितो मात्र दोन्ही आराखड्यांत आहे.