यीस्टमधून आर्टेमिसिनिन: एका दराची पार्श्वभूमी

एखाद्या वनस्पतीतील औषधी घटक तिची जनुके सूक्ष्मजीवात घालून टाकीत तयार करता येतो, हे सांगताना बहुतेक वेळा आर्टेमिसिनिनचाच दाखला दिला जातो. हिवतापावरील या औषधाच्या बाबतीत प्रयोगशाळेला मिळालेले यश वादातीत आहे. बाजारात मात्र ते टिकले नाही, आणि त्याचे कारण जनुकांत शोधण्यापेक्षा विक्रीच्या दराबाबत घेतलेल्या निर्णयात शोधणे अधिक योग्य ठरेल.

या औषधाचा जुना इतिहास अनेकदा सांगून झाला आहे. चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथात ताप उतरवण्यासाठी चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घेण्यास सांगितले होते. १९६७ साली युद्धकाळात सुरू झालेल्या एका गुप्त चिनी प्रकल्पात त्या सूचनेचा अर्थ नव्याने लावला गेला: पाला उकळू नये, उष्णतेने औषधी घटक नष्ट होतो. कमी तापमानाला ईथरमध्ये काढलेला अर्क उपयोगी ठरला आणि १९७२ मध्ये शुद्ध घटक वेगळा करण्यात आला. या कामासाठी २०१५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल देण्यात आले. ज्योतिबाला वाहिला जाणारा आपला दवणाही याच आर्टेमिसिया प्रजातीतला आहे, मात्र औषधासाठी लागवड होते ती आर्टेमिसिया अॅन्युआ या जातीची.

खरी अडचण एकविसाव्या शतकात उभी राहिली. जुन्या औषधांना हिवतापाचे परजीवी दाद देईनासे झाल्यावर आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचारांची, म्हणजे त्याच्या जोडीला दुसरे औषध देण्याची, जागतिक पातळीवर शिफारस झाली आणि मागणी एकदम वाढली. वाळलेल्या पाल्यात हा घटक जेमतेम एक टक्का, पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. पेरणीपासून शुद्ध माल हाती येईपर्यंत एक वर्षाहून अधिक काळ जातो. त्यामुळे दर चढले की चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील शेतकरी लागवड वाढवत, आणि तो माल बाजारात येईपर्यंत दर कोसळलेले असत. २००५ च्या सुमारास किलोला हजार डॉलरच्या पुढे गेलेला भाव २००७ मध्ये दोनशेच्या आसपास उतरला आणि २०११ पर्यंत पुन्हा हजाराजवळ पोहोचला. ऊस आणि कांद्याचे चढउतार पाहिलेल्या वाचकाला हे चक्र वेगळे समजावण्याची गरज नाही.

यीस्टचा प्रकल्प या चक्रावरचा उपाय म्हणून पुढे आला. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेने यीस्टमधील चयापचयाची एक संपूर्ण साखळी जीवाणूत बसवून अमॉर्फाडाइन हा आर्टेमिसिनिनच्या वाटेवरचा पहिला खास टप्पा गाठला. पुढच्या वर्षी एका अमेरिकी धर्मादाय संस्थेने या कामाला ४ कोटी २६ लाख डॉलरचे अनुदान दिले. पुढील पायरीवरचे वनस्पतीतील विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) पेशीतील पटलांशी बांधलेले असते आणि जीवाणूत ते नीट काम करत नाही, म्हणून यजमान म्हणून यीस्टची निवड झाली. २००६ मध्ये यीस्टने आर्टेमिसिनिक आम्ल तयार केले, पण लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅमच. उद्योगाच्या दृष्टीने हे प्रमाण नगण्य होते. पुढची सात वर्षे ते वाढवण्यात गेली. मधल्या टप्प्यावरची रसायने साचून पेशीला जाच होत होता; वनस्पतीतील आणखी काही विकरांची जनुके शोधून यीस्टमध्ये घातल्यावर हा अडथळा दूर झाला. २०१३ मध्ये जाहीर झालेले उत्पादन लिटरला २५ ग्रॅम होते. सात वर्षांत अडीचशे पट वाढ ही या क्षेत्रात आजही थोड्यांनाच साधलेली गोष्ट आहे.

यीस्ट आम्लापर्यंतच थांबते, ही बाब लोकप्रिय लेखनात बहुधा गाळली जाते. आम्लापासून आर्टेमिसिनिनपर्यंतचा शेवटचा प्रवास रासायनिक आहे आणि त्यात प्रकाशाच्या साहाय्याने ऑक्सिजन जोडावा लागतो. मोठ्या प्रमाणावर हे करण्यासाठी एका फ्रेंच औषध कंपनीने इटलीतील आपल्या कारखान्यात खास यंत्रणा उभारली. त्यामुळे स्वस्त यीस्ट कुठेही वाढवता आले असते तरी प्रत्यक्ष उत्पादन एका ठिकाणाशी आणि एका कंपनीच्या खर्चाशी बांधले गेले.

ज्या दराच्या निर्णयावर वाद झाला त्याची सुरुवात इथूनच होते. अनुदानाच्या अटींनुसार हे औषध गरीब देशांसाठी ‘ना नफा, ना तोटा’ तत्त्वावर विकायचे होते आणि त्यासाठी तंत्रज्ञानावर स्वामित्वशुल्क घेतले जाणार नव्हते. अशा अर्धसंश्लेषित, म्हणजे अर्धे यीस्टने आणि अर्धे रासायनिक रीतीने केलेल्या, आर्टेमिसिनिनचा दर किलोला ३५० ते ४०० डॉलर ठरला. प्रकल्पाची आखणी झाली तेव्हा भाव याच्या दुपटीहून जास्त होते, म्हणून हा आकडा उदार वाटत होता. २०१३ मध्ये या मालाला जागतिक आरोग्य यंत्रणेची मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये त्यापासून केलेले सुमारे १७ लाख उपचार आफ्रिकी देशांकडे रवाना झाले. तोवर मधल्या वर्षांत वाढलेल्या लागवडीचे पीक बाजारात आले होते आणि शेतातील मालाचा भाव २५० डॉलरच्या खाली गेला होता. गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वस्त माल उचलला. २०१५ मध्ये इटलीतील कारखान्याने हे रसायन तयारच केले नाही, आणि पुढच्या वर्षी तो कारखाना एका बल्गेरियन कंपनीला विकण्याचा व्यवहार झाला.

या निर्णयावर टीका झाली ती मुख्यतः शेतकऱ्यांच्या बाजूने. सुमारे एक लाख छोट्या शेतकऱ्यांचे उत्पन्न टाकीतील यीस्टमुळे बुडेल, असे टीकाकारांचे म्हणणे होते. ही भीती निराधार नव्हती, कारण इटलीतील कारखान्याची नियोजित क्षमता वर्षाला ५० ते ६० टन, म्हणजे जगाच्या गरजेचा मोठा हिस्सा, होती. परंतु २००७ ची भावातील घसरण यीस्टचा एक किलो मालही बाजारात येण्याआधीची आहे, आणि टीकेच्या भरात हा क्रम अनेकदा उलटा मांडला गेला. प्रकल्पाचे समर्थकही फारसे काटेकोर नव्हते. टंचाईच्या काळात दर आवरण्यासाठीचा हा दुय्यम पुरवठा आहे असे ते सांगत. पण टंचाईत चढा भाव घेण्याची मुभा नाही आणि मुबलकतेत खर्चाखाली विकण्याची सोय नाही, अशा बंधनात कोणता पुरवठादार दहा वर्षे तग धरील, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. दुय्यम पुरवठा वापरात नसतानाही टिकवून ठेवावा लागतो, आणि रिकाम्या टाक्यांचा खर्च कोणी उचलायचा हे कोणत्याच अटीत ठरवलेले दिसत नाही. माझ्या मते खरी चूक इथे झाली. शेतकरी आणि कारखाना यांच्यातल्या वादाने ती झाकली गेली.

भारताचा या कथेशी संबंध मुख्यतः खरेदीदार म्हणून आहे. आफ्रिकेला जाणाऱ्या संयुक्त गोळ्यांचा मोठा वाटा भारतीय कंपन्या बनवतात आणि त्या कच्च्या मालासाठी चीनकडे पाहतात. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात करार पद्धतीने या वनस्पतीची लागवडही झाली आहे. २०१० पासून फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापासाठी देशभर संयुक्त उपचारच दिला जातो, त्यामुळे गडचिरोलीतील आरोग्य केंद्रावर मिळणारी गोळीही याच बाजाराशी जोडलेली आहे.

आर्टेमिसिनिननंतर संशोधकांचे लक्ष महाग आणि कमी प्रमाणात लागणाऱ्या औषधांकडे वळले. २०१५ मध्ये अफूवर्गीय रसायने यीस्टमध्ये तयार करून दाखवण्यात आली. २०२२ मध्ये सदाफुलीतील कर्करोगविरोधी विनब्लास्टिनचे दोन पूर्वघटक यीस्टमधून मिळाले. ते बाहेर रासायनिक रीतीने जोडून औषध करण्यात आले. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात आणि त्याआधीच्या काही वर्षांत त्याचा तुटवडाही जाणवला होता, म्हणून इथे भावाचे गणित यीस्टला अधिक अनुकूल आहे. उत्पादन मात्र अजून लिटरला मायक्रोग्रॅममध्ये मोजावे इतके होते. आर्टेमिसिनिनचे २००६ मधील प्रमाणही त्याच्या शंभर पटींहून अधिक होते.