जुना टर्बो घेताना: रेडियल प्ले आणि एंड प्ले

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारे यंत्र: एका शाफ्टच्या (दांड्याच्या) एका टोकाला टर्बाइनचा पंखा, दुसऱ्याला कॉम्प्रेसरचा. जुन्या टर्बोच्या जाहिरातीत 'शाफ्ट प्ले शून्य', म्हणजे शाफ्ट जराही हलत नाही, हे शब्द हमखास असतात, आणि घेणाराही कॉम्प्रेसरच्या पंख्याचे टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवतो व तेवढ्यावर सौदा ठरवतो किंवा मोडतो. या पद्धतीमुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून पुण्यातल्या गॅरेजांपर्यंत चांगले टर्बो भंगाराच्या भावात जातात आणि आतून संपलेले टर्बो चढ्या किमतीला खपतात. शाफ्टचे बाजूला हलणे आणि शाफ्टचे लांबीच्या दिशेने मागेपुढे सरकणे (एंड प्ले) यांची कारणे वेगळी आहेत, मर्यादा वेगळ्या आहेत आणि परिणामही वेगळे आहेत.

बाजूला हलणे, म्हणजेच रेडियल प्ले, बहुतेकांच्या ओळखीचे आहे. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसच्या १.८ टर्बो पेट्रोल इंजिनावरचा के-०३ मॉडेलचा टर्बो घ्या. त्याचा शाफ्ट तरंगत्या बुशांमध्ये (तेलावर तरंगणाऱ्या नळीसारख्या बेअरिंगांमध्ये) फिरतो, आणि बुशाच्या आत एक व बाहेर एक असे तेलाचे दोन थर असतात. टर्बो काढून ठेवला की ते तेल निथळते, मोकळी जागा उरते आणि शाफ्ट हलतो. त्यातही पंखा बेअरिंगच्या पुढे आलेला असल्याने टोकाशी हे हलणे मोठे भासते. शाफ्ट एका बाजूला दाबून धरून पूर्ण एक फेरा हळू फिरवावा, आणि तसाच दुसऱ्या बाजूला. पंखा घराला (भोवतालच्या धातूच्या कवचाला) कुठेही टेकला नाही, तर या मुद्द्यावर घासाघीस करण्याचे कारण नाही. कोरडा असूनही जराही न हलणारा शाफ्ट मात्र मला संशयास्पद वाटतो, कारण जळून घट्ट झालेल्या तेलानेही तो तसा धरला जातो.

खरी पारख एंड प्लेची आहे. दोन्ही पंख्यांवरच्या दाबांतील फरक शाफ्टला सतत एका दिशेने ढकलत असतो आणि तो जोर थ्रस्ट बेअरिंग नावाची एक लहानशी स्थिर चकती पेलते. तिच्या दोन्ही अंगांना शाफ्टबरोबर फिरणाऱ्या कड्या असतात आणि मध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. म्हणूनच इथली मुभा फार थोडी आहे: अशा लहान टर्बोंमध्ये ती साधारण ०.०३ ते ०.१० मिमी असते, आणि नेमकी मर्यादा त्या त्या मॉडेलच्या माहितीपत्रकातूनच घ्यावी. तेल घाण असेल, तेलाचा दाब उशिरा येत असेल किंवा गाडी जोरात चालवून लगेच बंद करण्याची सवय असेल, तर ही चकती झिजते. रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवलेल्या गाडीत तिच्यावरचा भार आणखी वाढतो, आणि परफॉर्मन्सच्या बाजारात येणारे टर्बो बहुतेक अशाच गाड्यांतून उतरलेले असतात. चकती झिजली की शाफ्ट सरकतो, सील रिंगा (तेल अडवणाऱ्या कड्या) आपल्या खाचेत घासू लागतात आणि तेल गळते. मेकॅनिक 'सील गेले' म्हणून सील बदलतो, चकती तशीच राहते आणि गळती परत येते. शेवटी पंख्याची पाती घराच्या भिंतीला लागतात, आणि त्यानंतर वाचवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

तपासणी अवघड नाही. चुंबकी स्टँडवरच्या डायल गेजची (अगदी बारीक सरकणे मोजणाऱ्या उपकरणाची) दांडी शाफ्टच्या टोकावर सरळ टेकवावी, शाफ्ट आत ढकलावा, बाहेर ओढावा आणि दोन आकड्यांमधला फरक पाहावा. भोसरीतल्या किंवा नाशिकच्या अंबडमधल्या कोणत्याही टर्निंग शॉपमध्ये हे काम चहा होईपर्यंत आटोपते. विक्रेत्याकडून मी याच मोजणीचा व्हिडिओ मागतो आणि तो देणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यायला तयार असतो. गेज नसेल आणि ढकलताना-ओढताना स्पष्ट 'टक' असा धक्का हाताला लागला, तर तो टर्बो दुरुस्तीच्या कच्च्या मालाच्या भावानेच घ्यावा. हवेच्या नळीने पंखा गरागरा फिरवून दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून मात्र काहीही घेऊ नये: त्यातून एंड प्लेबद्दल काहीच कळत नाही आणि तेलाविना फिरवल्याने चांगली बेअरिंगेही खराब होतात.

घर घासूनपुसून चकचकीत केलेले असणे किंवा नसणे याला अर्थ नाही. मला तर न धुतलेला टर्बोच पसंत आहे, कारण तेल कुठून गळले याच्या खुणा त्यावर शाबूत असतात. बॉल बेअरिंगच्या टर्बोला वरचे आकडे लागू होत नाहीत. तरंगत्या बुशांचा टर्बो उघडून बांधायचाच असेल आणि बूस्ट वाढवायचा असेल, तर त्या मॉडेलसाठी मिळत असल्यास २७० अंशांच्या (पाऊण फेऱ्याच्या) चकतीऐवजी ३६० अंशांची (पूर्ण फेऱ्याची) थ्रस्ट चकती बसवून घ्यावी, आणि गाडीवर चढवण्यापूर्वी तेलाच्या तोंडातून स्वच्छ इंजिन ऑइल सोडून शाफ्ट हाताने फिरवावा.