शिक्षणाचे अर्थशास्त्र व विद्यापीठ प्रशासन

शिक्षणावर किती खर्च होतो, तो कोण उचलतो आणि त्यातून व्यक्तीच्या व समाजाच्या पदरात काय पडते, याचा अभ्यास करणारी अर्थशास्त्राची शाखा. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात शिक्षणावरील खर्चाला मानवी भांडवलातील, म्हणजे माणसाच्या ज्ञान-कौशल्यातील, गुंतवणूक म्हटले आणि गॅरी बेकर यांच्या १९६४ मधील ग्रंथाने त्या विचाराला गणिती बैठक दिली. या शाखेतली सर्वांत उपयुक्त कल्पना संधी खर्चाची, म्हणजे एक वाट धरताना सोडून द्याव्या लागलेल्या दुसऱ्या वाटेच्या किमतीची, आहे. आजऱ्याकडची एखादी मुलगी कोल्हापुरात पदवीला येते तेव्हा तिचे महाविद्यालयीन शुल्क माफ असले, तरी एसटीचा पास, खोलीचे भाडे आणि मेसचा डबा उरतोच. शिवाय ती घरी राहिली असती तर शेतात किंवा मजुरीत जो हातभार लागला असता, तोही घराने गमावलेला असतो. शुल्काच्या पावतीवर यातले काहीच दिसत नाही.

ही शाखा उभी राहण्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात या कल्पनेची जाणीव कारभारात उतरलेली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली किंवा काढवली; दसरा चौकाच्या परिसरात त्यांच्या खुणा आजही दिसतात. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवण्यात आला. दंडाच्या तरतुदीची चर्चा अधिक होते; पण खेड्यातल्या मुलाच्या जेवणाखाणाचा आणि निवाऱ्याचा भार वसतिगृहाने उचलणे, ही अर्थदृष्ट्या अधिक खोल जाणारी गोष्ट होती. जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापुरातील जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. १९१९ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत रुजलेली ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत म्हणजे बुडालेली मजुरी विद्यार्थ्याला अंशतः परत मिळवून देण्याची व्यवस्थाच होय. शिवाजी विद्यापीठातही ही योजना चालत आली आहे.

अभ्यास आणि प्रशासन यांच्या मधली वाट चाललेले या भागातील ठळक नाव जे. पी. नाईक (१९०७–१९८१) यांचे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेल्या नाईकांनी कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात काम केले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत भाग घेतला आणि पुढे ते केंद्र सरकारचे शिक्षण सल्लागार झाले. देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४–६६) ते सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नातील शिक्षणावरील खर्चाचा वाटा १९६५–६६ मधील २.९ टक्क्यांवरून १९८५–८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा, असे आयोगाने सुचवले. सहा टक्क्यांचा हा आकडा २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पुन्हा आला, यावरून तो गाठला गेला की नाही हे समजते. कामावर जाणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ व अनौपचारिक शिक्षणाचा नाईकांनी धरलेला आग्रह संधी खर्चाच्याच हिशोबावर उभा होता. ते कुलगुरू कधी झाले नाहीत. अर्थतज्ज्ञाने कुलगुरुपद सांभाळल्याचे उदाहरण महाराष्ट्रात धनंजयराव गाडगीळ यांचे आहे. ते १९६६–६७ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि तेथून योजना आयोगाच्या उपाध्यक्षपदी गेले.

प्रशासनाच्या खुर्चीत बसल्यावर अर्थतज्ज्ञाचे गणित बदलते. शिवाजी विद्यापीठ (स्थापना १८ नोव्हेंबर १९६२) हे संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठ असून कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात; सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. अशा विद्यापीठाच्या तिजोरीत शासकीय अनुदानाबरोबरच परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क जमा होते, आणि वार्षिक अंदाजपत्रक अधिसभेसमोर (सिनेटसमोर) येते. प्रतिविद्यार्थी खर्च हा संशोधन लेखात नुसता भागाकार असतो. अधिसभेत मात्र त्याच भागाकारावरून परीक्षा शुल्क वाढवायचे की वसतिगृहाची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलायची, हे ठरवावे लागते, आणि दोन्हींचा भार शेवटी आजऱ्याहून आलेल्या त्या मुलीच्याच घरावर पडतो.