टाकीत विसरलेलं पेट्रोल

3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि खाली दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या. त्या पावसाळ्यात ज्याच्याकडे लाकूड कापायची कटर मशीन, तो वाडीतला राजा! माझी चेनसॉ तेव्हाचीच. काम संपलं, टाकीत पेलाभर पेट्रोल तसंच राहिलं आणि मशीन माळ्यावर गेली. परवा उतरवली, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. पण साधं फट् नाही.

प्लग काढून पाहिला, तर ठणठणीत कोरडा. ओला असता तर ठिणगीवर संशय घेतला असता. प्लगच्या भोकातून ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार थेंब सोडले, प्लग परत बसवून दोरी ओढली. मशीन दोन सेकंद भुंकली आणि गप्प झाली. म्हणजे ठिणगी ठीक, पेट्रोल वर चढत नाही.

ते का चढत नाही हे कळायला हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या या कार्बोरेटरची गंमत बघावी लागते. जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये वाटीभर पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो. चेनसॉ मात्र आडवी, तिरकी, प्रसंगी उलटीसुद्धा धरावी लागते. वाटी तिथेच सांडेल. म्हणून इथे वाटीऐवजी दोन पातळ पडदे, म्हणजे डायफ्राम. पिस्टन वरखाली होतो तसा खालच्या क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतला दाब कमीजास्त होतो. तो एका बारीक भोकातून पहिल्या पडद्याला फडफडवतो आणि ती फडफड हाच पेट्रोलचा पंप. इंजिन हवा ओढतं तेव्हा दुसरा पडदा आत खेचला जातो, एका चिमुकल्या तरफेला दाबतो आणि पेट्रोलची वाट अडवणारी सुई उचलून हवं तेवढंच पेट्रोल सोडतो.

माझा दुसरा पडदा बोटाने दाबला, तर भाजलेल्या पापडासारखा कडकड वाजला. नवा कसा, फुग्याच्या रबरासारखा लवतो. हा वाकेना, मग सुई उचलणार कोण? पेट्रोलमधले हलके घटक केव्हाच उडून गेले होते. उरलेल्यांनी हवेतला ऑक्सिजन घेऊन सुईभोवती काकवीसारखा तपकिरी डिंक धरला होता.

काकवीवरून आठवलं, आपल्या उसाचाही यात हात आहे. 2020मध्ये देशातल्या पेट्रोलात इथेनॉल सरासरी 5 टक्क्यांच्या आसपास होतं, आता 20 टक्के. गाडीचं पेट्रोल आठवड्यात संपतं, माळ्यावरच्या मशीनचं संपत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि कोकणातल्या झडीच्या हवेत पाण्याला काय तोटा! पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. पेट्रोलात मिसळलेलं वंगणाचं टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलातच राहतं. चेनसॉच्या टाकीत नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो, तो नेमका तळाशी लोळतो. म्हणजे इंजिनाला आधी मिळतं ते ऑइल नसलेलं पाणचट द्रव्य, आणि अशा टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते फक्त पेट्रोलातूनच. मशीन सुरू न होण्यापेक्षा अशी सुरू होणं वाईट, पिस्टनच ओरखडतो.

हे बघायचं असेल तर पारदर्शक बाटलीत 100 मिलि पेट्रोलात 10 मिलि पाणी घालून हलवा. तळाचा थर 10 राहत नाही, 30च्या जवळ जातो. जास्तीचं ते इथेनॉल. (अंगणात करा, चुलीजवळ नको.)

दुरुस्ती म्हणाल तर किरकोळ. डायफ्राम आणि सुईचं किट, नवा फिल्टर, तडकलेल्या नळीच्या जागी नवी नळी. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, तार खुपसायची नाही, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा पुरतो. मिश्रणाचे दोन स्क्रू काढण्याआधी किती फेरे आत जातात ते मोजून लिहून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

सहाव्या ओढीला सुरू झाली. आता काम झालं की टाकी ओतून घेतो आणि रेस न देता, तशीच मंद चालू ठेवतो. शेवटचे थेंब संपताना हवा जास्त, पेट्रोल कमी होतं. तेव्हा ती आपणहून क्षणभर आवाज चढवते आणि विझते.